दंड, ठिगळ, धावदोरा : भोर-वेल्ह्याच्या गोधडीचा इतिहास

भोर आणि वेल्हे या तालुक्यांत गोधडी म्हणजे जुन्या सुती कापडाचे थर एकावर एक पसरून, हाताच्या धावदोऱ्याने एकजीव केलेले अंथरूण-पांघरूण. तिच्यात कापूस नसतो. रजई आणि दुलई यांच्यापासून तिला वेगळी करणारी खूण हीच. रजईसाठी पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून आणावा लागतो; गोधडीला विकत आणायचे ते फक्त सुई आणि दोरा. बाकी सगळे घरातून निघते. तीन-चार थरांची गोधडी हलकी, पांघरायची. सहा-सात थरांची जड, अंथरायची. फार जाड, ठिगळांवर ठिगळे पडलेली, रोजच्या वापराने मळकट रंगाची झालेली ती वाकळ. दोन पदरांचे छोटे ते दुपटे, तान्ह्या मुलासाठी. मोल्सवर्थच्या मराठी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत गोधडी आणि वाकळ हे दोन्ही शब्द आहेत; म्हणजे मुंबईच्या गिरण्यांचे कापड खेड्यात पोहोचण्याआधीच ही भाषा रुळलेली होती.

या भागात गोधडी इतकी का टिकली, याचे उत्तर जमिनीत आणि पावसात आहे. सह्याद्रीच्या माथ्याला चिकटलेली ही मावळखोरी : हिरडस मावळ, गुंजण मावळ, वेळवंड खोरे, कानद खोरे. शेती भाताची, वरकस उतारांवर नाचणी आणि वरी. कापूस इथे पिकत नाही. एवढ्या पावसात तो पिकणेही शक्य नाही. वऱ्हाड-खानदेशातल्या घराला कापूस दारात मिळतो, मावळातल्या घराला सुताचा प्रत्येक धागा बाहेरून आणावा लागतो. थंडी मात्र चांगलीच पडते आणि पावसाळ्यातली ओल त्याहून त्रासाची. कापूस भरलेली गादी अशा हवेत गोळा होते, कुबट वास धरते आणि धुता येत नाही. गोधडी धुता येते, पिळता येते, चुलीवरच्या दांडीवर टाकून वाळवता येते. पावसात बाहेर जाताना डोक्यावर इरले किंवा घोंगडी आणि घरात अंगावर गोधडी, अशी कामाची वाटणी होती. घोंगडी धनगराच्या लोकरीची. तिच्यावरून पाणी बराच वेळ ओघळून जाते. सुती गोधडी मात्र ते पिऊन बसते. म्हणून खाली घोंगडी आणि वर गोधडी ही शेणाने सारवलेल्या जमिनीवरची नेहमीची रचना.

हा सगळा मुलूख संस्थानाचा. राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायण यांना सचिवपद मिळाले आणि त्यांच्या घराण्याकडे पुढे भोर संस्थान आले. संस्थानाचे तालुके किल्ल्यांच्या नावांनी ओळखले जात : विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, घाटाखाली सुधागड. १९०१ च्या शिरगणतीत ९२५ चौरस मैलांच्या या संस्थानात १,३७,२६८ माणसे होती. ८ मार्च १९४८ रोजी ते मुंबई प्रांतात विलीन झाले. वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला. लोकांच्या बोलण्यात मात्र वेल्हे अजून आहे. पंतसचिवांच्या वाड्याची, गडांची, वतनांची कागदपत्रे आहेत. गोधडीचा कागद कुठेच नाही. तिचा इतिहास शोधायचा तर गोधडीच उसवून पाहावी लागते.

चिंध्या जोडून पांघरूण करण्याची कल्पना अर्थात मावळाची नाही. संस्कृतातली कंथा हीच. भर्तृहरीच्या वैराग्यशतकात शंभर तुकड्यांची कंथा विरक्ताचे वस्त्र म्हणून येते. बौद्ध भिक्षूंचे चीवर तुकडे जोडून शिवायचे असा विनयपिटकाचा नियम आहे, आणि त्याच्या आखणीची कथा भातशेतीच्या माणसाला विशेष जवळची वाटावी : मगधातल्या बांध घातलेल्या खाचरांकडे बोट दाखवून बुद्धाने आनंद या शिष्याला तसे चीवर करता येईल का, असे विचारले. बांधांच्या रेषा आणि मधले चौकोन. राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून गुंजवणीच्या खोऱ्याकडे पाहिले की भाताची खाचरे तशीच दिसतात. महाराष्ट्रात हा धागा गाडगे महाराजांपर्यंत येतो. चिंध्यांचे वस्त्र अंगावर घेऊन गावोगाव झाडू मारणाऱ्या या संताला लोक गोधडे महाराज म्हणत.

पण विरक्ताची कंथा आणि घरातली गोधडी यांत मोठा फरक आहे. कंथा त्यागाची खूण होती. गोधडी काटकसरीची आणि हिशेबाची. बंगालची कांथा, बिहारची सुजनी, कर्नाटकातली कौदी, उत्तर कन्नडमधल्या सिद्दी स्त्रियांची कवंदी, ही सगळी याच हिशेबाची भावंडे. प्रत्येक ठिकाणी जुने कापड, धावदोरा आणि घरातल्या बायकांचे हात हे तीन घटक तेच; नक्षी, टाक्याची लांबी आणि थरांची संख्या वेगळी. कांथेवर फुले, हत्ती, रथ भरले जातात. मावळच्या गोधडीवर चित्र नसते. तिचे सौंदर्य रंगांच्या जुळणीत आणि टाक्यांच्या सरळपणात आहे. ते कमी प्रतीचे मानण्याचे काहीच कारण नाही.

हातमागाच्या काळात कापड महाग होते, आणि बेताच्या घरात एक लुगडे किती काळ चालवायचे याची ठरलेली वाट होती. लुगडे नेहमी बसण्याच्या जागी आधी विरते. तेवढा भाग कापून टाकून उरलेली दोन टोके एकमेकांना शिवायची, त्याला दंड घालणे म्हणतात. दंड घातलेले लुगडे आणखी काही काळ नेसता येई. मग ठिगळ. ठिगळालाही धरायला कापड उरले नाही की लुगडे नेसण्यातून जाई आणि गोधडीत येई. गोधडीत वर्षानुवर्षे काढून ती फाटली की आतल्या चिंध्यांचे पोतेरे, चुलीवरचे भांडे उतरवायचे फडके, शेवटी काकडा. पुरुषांच्या कापडाचीही अशीच वाट : धोतर, उपरणे, पटका. पटक्याचे कापड लांब आणि अरुंद, त्यामुळे ते काठाला लावायला सोयीचे. नऊवार लुगडे तर गोधडीसाठीच विणल्यासारखे. आठ-नऊ वारांचे अखंड सूत, वर्षभर धुऊन धुऊन मऊ झालेले, दोन्ही बाजूंना घट्ट काठ. एका लुगड्याला घडी घातली की एका गोधडीचा वरचा आणि खालचा पदर बहुतेक निघतो.

पुढचे मोठे वळण गिरणीचे. मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये कापसाच्या गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ती चालू झाली. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वेमार्ग खुला झाला. (इंग्रजीत या घाटाला भोर घाट म्हणतात, पण तो खंडाळ्याजवळचा, भोर गावाशी त्याचा संबंध नाही.) पुणे आणि मुंबई एकमेकांना जोडली गेली आणि मावळातली माणसे कामाला मुंबईकडे जाऊ लागली. भाताचे एकच पीक, डोंगराळ तुकड्यांची शेती, हे एक कारण. धरणे हे दुसरे. वेळवंडी नदीवरच्या भाटघरचे पहिले धरण १८९२ चे. त्याच्या खालच्या अंगाला बांधलेले मोठे लॉईड धरण १९२० च्या दशकाच्या अखेरीस पुरे झाले. वेल्ह्यात पुढे पानशेत आणि वरसगाव आली. पाणी खालच्या मुलखाच्या उसाला आणि पुण्याच्या नळांना गेले. खोऱ्यातली चांगली जमीन पाण्याखाली गेली. मुंबईला निघालेल्या माणसाच्या खांद्यावर वळकटी असे, आणि वळकटीत घरची गोधडी. चाळीतल्या खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या कामगारांची ती एवढीच स्वतःची जागा होती.

उलट दिशेने कापड गावाकडे येऊ लागले. मांजरपाट, गिरणीची धोतरे, छापील चिटे, पट्ट्यापट्ट्यांचे शर्टाचे कापड, गिरणीतली वजनावर मिळणारी चिंधी. हातमागाच्या जाड सुताच्या गोधडीत बारीक, एकसारख्या सुताचे थर मिसळले. रंगही वाढले. पूर्वी लुगड्याचा हिरवा, तांबडा, काळसर निळा आणि धोतराचा पांढरा एवढ्यातच खेळ होता. आता फुलाफुलांची चिटे आणि चौकडे आले, आणि वरच्या थरावर मुद्दाम तुकड्यांची रचना करण्याची हौस वाढली. हौस हा शब्द इथे महत्त्वाचा. गरज भागवायला वरचा थर अखंड लुगड्याचा असला तरी पुरते. मधोमध चौकोन, त्याभोवती त्रिकोण, कडेला शंकरपाळ्यांची रांग, चोळीच्या खणाचा तुकडा नेमका मध्यभागी, हे गरजेपलीकडचे काम आहे. ते कोणी सांगून केलेले नसते.

दुसऱ्या महायुद्धात कापडाची ही आवक काही वर्षे आटली. कापडाची टंचाई इतकी झाली की १९४३ मध्ये सरकारने सुती कापड आणि सुताच्या किमतींवर व वाटपावर नियंत्रण आणले. नवे कापड घरात आले नाही तर जुने कापड नेसण्यातून निघत नाही, आणि जुने निघाले नाही तर गोधडीला थर मिळत नाहीत.

गोधडी घालण्याचा हंगाम शेतीने ठरवला. भात झोडून कणग्यांत भरले की पौष-माघापासून वैशाखापर्यंत बायकांना दुपारची थोडी सवड असते. ज्येष्ठात पेरण्या सुरू झाल्या की सुई बाजूला ठेवावी लागते. शिवाय गोधडी पसरायला मोकळी, कोरडी जागा हवी. सारवलेले अंगण किंवा ओसरी झाडून खालचा पदर ताणून अंथरतात, चार कोपऱ्यांवर पाटे, वरवंटे किंवा तांब्ये ठेवतात. त्यावर आतले थर. इथे खरे कसब आहे. विरलेला भाग एकाखाली एक आला तर गोधडी तिथेच बसते, म्हणून एका कापडाच्या विरलेल्या जागेवर दुसऱ्याचा धड भाग यावा लागतो. बाह्या, खिसे, शिवणी, काज-बटणे आधी उसवून काढायची, कारण आतली एक गाठही झोपणाऱ्याच्या पाठीला कळते. शेवटी वरचा पदर, कडा आत दुमडलेल्या, आणि सगळे हलू नये म्हणून लांब लांब कच्चे टाके.

मग पक्का धावदोरा. बरेच हात काठापासून सुरुवात करतात आणि चौकटीच्या आत चौकट करत मध्याकडे येतात. काही जणी लांबीने सरळ ओळी मारतात. काठाकडून शिवले की कडा आधी बसतात आणि थर सरकत नाहीत, पण कापडाचा फुगवटा मध्याकडे जमतो, म्हणून दर ओळीनंतर तळहाताने कापड सारखे करावे लागते. टाका तांदळाच्या दाण्याएवढा असावा ही जुनी अपेक्षा. थर जास्त असले तर सुई एका वेळी एकच टाका घेते. ती आरपार ढकलताना बोटाला अंगुस्तान नसेल तर रक्त येते. ओळींमधले अंतर दोन बोटांचे, कधी एका बोटाचे. साधारण चार फूट रुंद, सहा फूट लांब गोधडीत हे टाके हजारोंनी भरतात. सवडीप्रमाणे पंधरा दिवस ते महिना-दीड महिना एका गोधडीला लागतो. शेजारणी हातभार लावायला बसल्या तर कमी. एकाच गोधडीच्या चार बाजूंना चार जणी बसल्या असतील तर टाक्याच्या लांबीवरून कोणती बाजू कोणाची ते पुढे कित्येक वर्षे ओळखता येते.

गोधडीविषयी मायेची ऊब हे शब्द हटकून वापरले जातात. ऊब येते ती थरांमध्ये अडकलेल्या हवेमुळे. धावदोरा ही हवा छोट्या छोट्या कप्प्यांत बांधून ठेवतो आणि जुने, मऊ झालेले सूत अंगाला चिकटून बसते, त्यामुळे फटीतून वारा शिरत नाही. टाके फार विरळ असले तर थर सुटे होतात, फार दाट असले तर गोधडी चटईसारखी ताठ होते. यातला मध्य साधणे हे अनुभवाचे काम आहे, आणि माया दिसायची असेल तर ती तिथेच दिसते.

गोधडी फाटली म्हणून लगेच टाकली जात नाही. वरचे लुगडे विरले की त्यावर दुसरे चढवतात. अगदीच गेली तर जुनी गोधडी अख्खीच नव्या गोधडीचा आतला थर होते. म्हणून एखादी जड वाकळ उसवली तर आत काळाचे थर सापडतात : सर्वांत आत जाड सुताचे धोतर, त्याभोवती मांजरपाट, मग छापील चीट, मग शाळेच्या गणवेशाचा निळा-पांढरा तुकडा, वर टेरिकॉट. एखाद्या थरात दंडाची शिवण दिसते. ते लुगडे किती ताणून वापरले होते ते त्यावरून कळते. घरात कापड कुठून आणि किती आले याची याहून खरी नोंद दुसरी नाही.

घरातल्या गोधड्यांची संख्या हा अब्रूचा भाग होता. जत्रेला, लग्नाला पाहुणे आले की पुरेशी अंथरुणे निघावी लागत. चांगल्या, कमी वापरलेल्या गोधड्या वेगळ्या घडी करून ठेवलेल्या असत. त्या पाहुण्यांच्या आणि जावयाच्या. लेकीच्या रुखवतात गोधडी ठेवली जाई. बाळंतविड्यात दुपटी आणि कुंची असत, आणि ती आजीच्या जुन्या लुगड्याची असावीत असा आग्रह असे. त्यामागे दृष्ट लागू नये ही श्रद्धा आहे, आणि कोऱ्या कापडाची खळ कोवळ्या कातडीला टोचते हे व्यवहारज्ञानही.

वर्षातून एकदा, नवरात्राच्या आधी, घरातले सगळे अंथरूण-पांघरूण धुण्याची चाल आहे. पावसाची उघडीप बघून नीरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंदी यांच्या काठच्या खडकांवर गोधड्या येतात. भिजलेली गोधडी एकीला उचलत नाही. दोघी दोन टोके धरून उलट्या दिशांना पिळतात. आपटून, तुडवून धुतल्यावर ती कातळावर पसरतात. या धुण्याने रंग उडतात, पण टाके सुटत नाहीत. सुटले तर ते घालणारीला ऐकून घ्यावे लागते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन गोष्टींनी गोधडीचा कच्चा माल तोडला. पहिली कृत्रिम धाग्याचे कापड. टेरिलीन, टेरिकॉट आणि नायलॉनची लुगडी-साड्या लवकर विरत नाहीत, म्हणजे गोधडीसाठी मोकळ्या होत नाहीत. झाल्या तरी सुईखाली निसटतात, घाम शोषत नाहीत, ठिणगी पडली तर वितळतात. नऊवारीची जागा पाचवारीने घेतली, तसे एका साडीतून मिळणारे कापडही घटले. दुसरी गोष्ट बोहारीण. जुन्या कपड्यांच्या बदल्यात स्टीलचे भांडे देणारी बोहारीण दारात आली आणि जुन्या लुगड्याला गोधडीखेरीज दुसरी किंमत मिळाली. चकचकीत डबा की महिनाभराचे शिवण, या निवडीत डबा जिंकला तर त्यात आश्चर्य नाही. मग सोलापुरी चादर आली, आणि त्यामागून पानिपतची स्वस्त ब्लँकेटे. पानिपतच्या या धंद्यात परदेशांतून आलेले जुने लोकरी कपडे पिंजून पुन्हा सूत काढतात. म्हणजे चिंधीचेच पांघरूण पुन्हा मावळात आले, फक्त ते यंत्राने केलेले आणि दूरच्या चिंध्यांचे.

शिलाई मशीन घरोघरी आल्यावर गोधडी संपली नाही, बदलली. मशीनची सुई सात थरांतून सहज जात नाही, म्हणून थर कमी झाले, आत जुन्या ब्लँकेटचा तुकडा किंवा फोमचा पातळ पत्रा आला, टीप सरळ आणि झटपट झाली. गावोगाव गाडी घेऊन फिरणारे, दारातच मशीनवर गोधडी शिवून देणारे कारागीरही निघाले. कापड घरचे, शिलाई त्यांची. हाताची गोधडी बाजूला पडत असतानाच पुण्या-मुंबईत तिला नवे गिऱ्हाईक मिळाले. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले आणि घरगुती म्हणून दुर्लक्षिलेल्या या कामाकडे अभ्यासाच्या नजरेने पाहिले. वेल्हे परिसरात ज्ञान प्रबोधिनीने स्त्रियांचे बचतगट उभे केले. अशा गटांच्या बायका आणि भीमथडीसारख्या जत्रा यांमुळे गावातली शिवणकला शहरातल्या गिऱ्हाइकापर्यंत पोहोचू लागली. मात्र विक्रीच्या गोधडीचे गणित वेगळे आहे. गिऱ्हाइकाला नवे, न उडणाऱ्या रंगाचे कापड हवे असते, आणि महिनाभराच्या हातशिलाईची पुरी मजुरी मोजायला तो सहसा तयार नसतो.

हौसेने घातली जाणारी गोधडी अजून घरासाठीच आहे. तिची सामग्री जमवण्याची रीतही फारशी बदललेली नाही. शिंप्याकडून ब्लाउजच्या कापडाची कातरणे मागून आणायची, शाळा सुटलेल्या मुलांचे गणवेश, जुन्या चादरी आणि पडदे उसवून ठेवायचे, रंगांप्रमाणे गाठोडी बांधायची. बनियन आणि टी-शर्टचे कापड ताणले जाते, त्यामुळे ते आत घालतात आणि वरून न ताणणारे सुती कापड लावतात. सासूच्या पेटीत एखादे इरकली लुगडे सापडले तर ते मात्र कापत नाहीत. ते वरच्या पदरासाठी अखंड ठेवतात, टोपपदर उशाकडे येईल असे.